पान क्रमांक चौदा

माझ्याकडे पान चौदा आहे.
सांगली, खणभाग, तीस मतदार.
पदवीच्या प्रमाणपत्रानंतर
एवढा जबाबदारीचा कागद कुणी माझ्या हातात दिला नव्हता.

प्रज्वलकडे तेरा, मुग्धाकडे पंधरा.
सकाळी साडेसहाला मारुती चौकात जमतो आम्ही,
गळ्यात पक्षाचं उपरणं, घडी अजून मोडलेली नाही.
चहावाला म्हणतो, “आली देशाची पोरं.”
थट्टा की कौतुक, कळत नाही.
पैसे मात्र पुरते घेतो.

जाहीरनामा मला पाठ आहे.
कर हलका. ज्याचा घाम त्याचा दाम.
सरकारनं हात द्यावा, बोट धरून चालवू नये.
जुनं म्हणून मोडू नये, नवं म्हणून नाचू नये.
(हे शेवटचं जाहीरनाम्यात नाही.
तालमीतले वस्ताद म्हणायचे,
मी आपलं खाली जोडून दिलंय.)

पुण्याला गेलेले मित्र फोनवर हसतात,
“लेका, विशीत कुणी एवढं म्हातारं असतं का?”

असतं.
नदी घरात आली त्या वर्षी मी पंधराचा होतो.
आईची हळद-तिखटाची फळी,
तागडी, मापं, उधारीची वही,
सगळं पिवळं होऊन दारातून निघून गेलं.
भिंतीवर छातीएवढ्या उंचीला रेघ राहिली.
तेव्हापासून
जे टिकतं ते मला आवडतं.
याला विचारसरणी म्हणतात, हे फार नंतर कळलं.

अनुक्रमांक ४०३. पद्मावती उपाध्ये, वय ८१.
दार अर्धंच उघडतात.
पत्रक उलटून मागची कोरी बाजू बघतात,
“हिशेबाला बरं आहे, अजून दोन दे.”

४०९. दस्तगीर बागवान, केळ्यांचा गाडा.
“तुमच्या सभेत आमचं नाव कुणी घेत नाही.
आणि घेतलं की भीती वाटते.”
यावर जाहीरनाम्यात काही नव्हतं.
वस्तादांचंही काही आठवेना.
मी डझनभर केळी घेतली.
त्यांनी तेरावं वर टाकलं.
उपरणं त्या दिवशी जरा टोचलं मानेला,
नवं कापड असतं, टोचतं.

४११ मयत. ४१२ मयत.
४१३ दिवाळीपासून कुलूप.

४१४ कडे मी रोज उद्या जातो.

४१४ म्हणजे भूपाल रायगोंडा मगदूम,
मार्केट यार्डात तीस वर्षं पाठीवर पोती,
हमालांच्या मोर्चात नेहमी पुढची ओळ.
त्यांच्या खुंटीला लाल टॉवेल,
शेजारच्या खुंटीला माझं उपरणं.
आई दोन्ही एका बादलीत भिजवत नाही.
म्हणते, रंग जातो एकमेकांचा.

प्रचार संपायच्या आदल्या रात्री
जेवण झाल्यावर चिठ्ठी त्यांच्या पुढ्यात ठेवली.
“नुसती ठेवतोस व्हय? गल्लीभर सांगत फिरतोस,
ते मला बी सांग की. घरचा म्हणून सूट नको.”

मग सांगितलं. उभं राहून, पहिल्यापासून.
कर, घाम, दाम, बोट.
मध्ये एकदा अडखळलो, तेव्हा आईनं नळ बंद केला.
ते सुपारी कातरत होते, मान खाली.
“...नवं म्हणून नाचू नये,” म्हणालो
आणि अडकित्ता थांबला.
“हे तुमच्या पक्षाचं न्हाई,
आमच्या वस्तादाचं हाय.”
“माझेही वस्ताद तेच होते, आप्पा.”
“व्हय,” म्हणाले. “म्हणून तर घोटाळा.”
चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात गेली.

शेऱ्याच्या रकान्यात तीनच खुणा चालतात,
अधिक, उणे, प्रश्नचिन्ह.
पेन टेकवून बसलो तर शाईचा ठिपका पडला.
पान तसंच वर पाठवलं.

“४१४ चं काय?” प्रज्वलनं विचारलं.
मतदान करणार, म्हणालो.
पावणेसातलाच रांगेत उभे असतील बघ,
त्यांना कुणी आणायला जाऊ नका.