रिकाम्या पोत्याचं वजन

केरिचोच्या उतारांवर
दुपारी अडीचला गारा पडतात, जवळजवळ रोज,
म्हणून आम्ही काटा दोनच्या आत मांडतो.
मी काट्यावरचा कारकून, सिगिलाइ.
एकोणीस वर्षं एकच वाक्य म्हणत आलो :
वजा दोन.

दोन किलो पोत्याचे, पाण्याचे, देठांचे.
कुणी ठरवले, कधी, ठाऊक नाही.
माझ्या आधीचा कारकूनही हेच म्हणायचा,
त्याला खोकल्यानं नेलं नसतं
तर अजून म्हणत असता.

चेरोतिच एकदाच बोलली.
चहाचा चीक मुरून बोटं काळी पडलेली,
वीस किलोचं पोतं मानेवरून उतरवत म्हणाली,
"सिगिलाइ, रिकामं पोतं इतकं जड असतं
तर थंडीत मी तेच पांघरलं असतं."
रांग हसली. मीही हसलो.
आणि लिहिलं : अठरा.

काटा खोटा नव्हता हो.
दरवर्षी त्यावर सरकारी शिक्का पडायचा.
पासंग काट्यात नव्हता,
माझ्या जिभेत होता.

त्याच साली कंपनीनं शाळा बांधली.
निळे पत्रे, नवे बाक,
प्रत्येक बाकाच्या पाठीवर कंपनीचं हिरवं पान.
चेरोतिचचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर आला,
खाली छापलं होतं : आमची माणसं, आमचं हसू.
ती हसत नव्हती.
डोळ्यांत ऊन जात होतं.

मग नैरोबीहून न्योकाबी आली.
गळ्यातल्या कार्डावर लिहिलेलं, नीतिपालन अधिकारी.
मॅनेजरनं आधी तिला शाळा दाखवली,
मग दवाखाना, मग लावलेली झाडं, प्रत्येकाला नंबर.
ती हो हो म्हणत राहिली
आणि काट्यापाशी येऊन
पिशवीतून एक छोटं यंत्र काढलं,
केकचं पीठ मोजतात ना, तसलं.
पोतं पाण्यात बुडवलं, झटकलं, घडी करून ठेवलं.
सहाशे चाळीस ग्रॅम.

माझ्याच कानावरची पेन्सिल घेतली तिनं.
अकराशे माणसं, दिवसाला एकच खेप धरली
तरी दीड टन पाला.
रोज.
मी तो आकडा पाहिला आणि
पहिल्यांदा मला त्या निळ्या पत्र्यांची किंमत कळली,
कुणी दिली तेही.

तिचा अहवाल वर गेला, परत आला.
'चोरी' तिनं लिहिलंच नव्हतं, 'कपात' लिहिलं होतं.
वरून आलं : 'समायोजन' म्हणा.
तिनं म्हटलं.
फोनवर मला सांगताना आवाज बारीक झाला तिचा,
"घराचे हप्ते आहेत, सिगिलाइ.
पण दोनाचा एक तरी झाला."

महिन्याभरात फलक लागला :
न्याय्य वजन उपक्रम. आता फक्त वजा एक.
केक कापला. चहाही दिला,
आमचाच, डब्यातला, परदेशी छाप असलेला.

मंगळवारी चेरोतिच रांगेत पहिली.
मी तोंड उघडलं, आणि ते "एक"
दातांत देठासारखं अडकलं.
तिचं पोतं भरून तोललं. मग म्हटलं,
पाला ओत तिकडं, आणि पोतं दे इकडं.
रिकामं पोतं आकड्याला टांगलं.
मागची रांग गप्प.
काट्यावरचे लाल आकडे थरथरले, थांबले.

ते तिनं वाचले. मोठ्यानं.
शून्य, दशांश चिन्ह, सहा, चार.
गेल्या वर्षी नातीनं शिकवले म्हणे तिला आकडे,
त्याच शाळेतून आल्यावर, चुलीपाशी, कोळशानं.

या गोष्टीचं काय करायचं, मला अजून कळत नाही.
शाळा त्यांची म्हणू की तिची?

मी वहीत लिहिलं : वजा शून्य दशांश सहा चार.
खाली सही केली, पूर्ण नावानिशी.
दोन वाजायला आले होते.
गारांना अर्धा तास होता,
मॅनेजरच्या गाडीला त्याहून कमी.
मागून कुणीतरी म्हणालं,
"पुढचं पोतं घे."