अर्धी जुडी

जालन्यात, भट्ट्यांच्या मागं आमची वस्ती.
रात्रपाळीत आभाळ तांबडं,
सकाळी पत्र्यावर काळी भुकटी.
माझं दुकान म्हणजे टपरीच, तीन बाय सहाची,
दारात लटकलेल्या माळा
पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या.
हिरव्या, केशरी, जांभळ्या.
वारा आला की सळसळतात
झाडाला पाला असावा तशा.
दुसरं हिरवं इथं काही नव्हतं.

समृद्धी येते साडेआठला.
नाव मायनं ठेवलंय, महामार्गानं नाही.
मुठीत नाणं, तापलेलं.
"मावशी, तिखटवाली."
मी पुडी तोडते, ती दातानं फाडते.
बोटं केशरी, ओठ केशरी,
पुडीत निम्मी हवा.
मला ठाऊक असतं.
मी विकते.

अंगणवाडीत खरात बाईंनी
तिच्या दंडाला पट्टी गुंडाळली
तेव्हा मी तिथंच होते, अंडी पोचवायला आलेली.
पट्टी पिवळ्यावर थांबली.
बाई बोलल्या नाहीत काही.
पोरीची बोटं बघितली, मग मला.

तिची माय कांता, मिलमध्ये भंगार निवडते.
म्हणलं, लेकराला पालेभाजी घालत जा गं.
तिनं उभ्याउभ्या हिशेब मांडला:
"मंडईला जायला वीस, यायला वीस,
जुडी दहाची.
पन्नासाला पडली की नाही मेथी?
आन् मी सुटते सातला.
सातला मंडईत उरतं काय,
गाईनं सोडलेलं."
ज्वारी तरी?
"ज्वारी आता साखरवाल्यांची झाली, मावशी.
डॉक्टर लिहून देतो म्हणे त्यांना."

आमच्या लहानपणी गहू पाव्हण्यापुरता असायचा.

त्या रात्री उधारीची वही उघडली.
तेल पाचचं, चहापत्ती पाचची, साबण,
पुडी, पुडी, पुडी.
चाळीस पानं चाळली.
भाजी एका पानावर नाही.
अक्षर माझंच.

इलियासचा ऑटो पहाटे चारला
हमालांना मंडईत सोडतो, येतो रिकामा.
"रिकाम्या सीटचं काय भाडं घेऊ, मौसी?
एक कप चहा पाज."
असं आलं पहिलं पोतं:
पालक, तांदुळजा, चुका, करडईची कोवळी भाजी.
एकेक जुडी सोडली, दोन केल्या,
सुतळीनं बांधल्या.
अर्धी जुडी, पाच रुपये.
पुडीच्या भावात, मुद्दाम.

पहिल्या आठवड्यात निम्मी सडली.
बबन म्हणला, दुकान टाकलं का उकिरडा?
ऐंशी रुपये गेले, त्याच्याच शेळीची चंगळ झाली.
मग शिकले पोतं ओलं ठेवायला.
नळाला पाणी कधी आठ दिवसाला, कधी दहा,
तांदूळ धुतलेलं राखून ठेवते, तेच शिंपडते.
आता साडेसातला बाया येतात
भुकटी अंगावर तशीच घेऊन.
"राहिली का गं एखादी?"
कधी राहिलेली असते.
कधी नसते, तेव्हा मला उगाच अपराध्यासारखं होतं,
पुडी संपल्यावर कधी झालं नाही तसं.

माळा मी काढल्या नाहीत.
खोटं कशाला सांगू, वीजबिल त्याच भरतात.
फक्त वर बांधल्या,
समृद्धीचा हात पोचणार नाही एवढ्या.
पोतं खाली, तिच्या गुडघ्याशी.

काल आली. वर बघत राहिली
मान दुखेपर्यंत.
मग उकिडवी बसली, एक पान तोडलं,
तोंडात टाकलं, डोळे गच्च मिटले.
लई आंबट.
परत एक तोडलं.
"मावशी, ह्याचं नाव काय?"
चुका.
"चुका म्हंजे, चुकलेलं असतं ते?"

मी वही ओढली,
कांताच्या पानावर लिहिलं: चुका, अर्धी.
नाणं अजून पोरीच्या मुठीतच होतं.
वारा आला, माळा सळसळल्या,
आणि तिनं पुन्हा वर बघितलं.