साठ अंश

दाणी सरांची मोटरसायकल हातगाडीवरून आली,
जिन्सी नाल्याच्या चढावर दोन हमाल
आणि मागून सर, छत्री धरून.
मे महिना. लू अशी
की लेथचं हँडल फडक्याशिवाय धरवेना.
"उघडून बघ," म्हणाले. "चालू नाही करायची.
फक्त बघायचंय."

एकोणऐंशी साली, डबऱ्याच्या अलीकडे,
इंजिनानं पकडलं. मागचं चाक जाम.
मागे शशी बसला होता, धाकटा.
त्याचा उजवा पाय अजून
पायरीला विचारून उतरतो.
घरात एकदाच कुणी म्हणालं, जेवताना,
तेल बघितलं नसशील.
तेव्हापासून सर गॅसची खुंटी तीनदा बघतात,
कुलूप ओढून बघतात,
दौलतगंजच्या वळणावरून परत येऊन
पुन्हा ओढून बघतात.

लेथ बाबांचा. पाने बाबांचे. हात माझे.
केस उघडलं. आधी पंप बघितला,
दातांवर ओरखडा नाही.
कॅमवर जुन्या तेलाची साय, मधासारखी थिजलेली.
तेल संपलं असतं
तर आधी हे रडले असते.
जळलं होतं एकच ठिकाण:
बिग एंडचा बुश, काळानिळा,
पिनला चिकटून एकजीव झालेला.

कापून काढला.
पिनमधलं तेलाचं भोक बरोबर माथ्यावर,
म्हणजे प्रत्येक स्फोटाचा घाव जिथे बसतो तिथेच.
तेल येत होतं, सर.
वेळेवर येत होतं, दारापर्यंत,
आणि नेमकं तेव्हाच
दार आतून कुणीतरी दाबून धरत होतं.
कुठल्याशा ड्रॉइंग ऑफिसात
कुणी पट्टी ठेवली, सरळ रेघ ओढली,
सरळ भोक पाडायला सोपं म्हणून,
आणि पाच वाजता डबा उचलून घरी गेला.

सरांनी पिशवीतून कोनमापक काढला.
निवृत्तीला वीस वर्षं झाली, तरी पिशवीत कोनमापक.
"किती सरकवायला हवं होतं?"
"साठ अंश. पंचावन्नही चाललं असतं."
माझ्या बिलबुकाच्या मागे त्यांनी कोन काढला,
पेन्सिलला टोक नव्हतं तरी नीट काढला,
आणि बघत बसले.
"एवढंच?"

मी चहा मागवला. तो गार झाला.
शशीचा नंबर त्यांनी मोबाइलवर काढला,
आणि मोबाइल पुन्हा खिशात ठेवला.

चालू नाही करायची म्हणाले होते.
तरी मी नवी पिन कातली,
पडावला नेऊन पाणी दिलं,
भोक बाजूला पाडलं.
अठरा दिवसांनी सर आले ते पैसे द्यायला.
मी काही न बोलता किक मारली.
तिसऱ्यांदा लागली.

सर तेलाच्या टाकीवर वाकले, चष्मा कपाळावर.
आत, अंधारात, परतीच्या नळीतून
तेल थुंकत थुंकत येत होतं.
"येतंय," म्हणाले.
मग टोपण लावलं.
मग पुन्हा काढून बघितलं.
मी इंजिन बंद केलं नाही.