घडी

आमच्याकडं तिला रोग म्हणत नसत.
देवी म्हणत.
आली, की दाराला लिंबाचा डहाळा,
चुलीवर फोडणी बंद, घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही,
आणि लेकराच्या अंगावर उठलेल्या फोडांना
हात जोडून म्हणायचं, आई, हलकी हो.

अशा देवीला कुणी गाडीत भरून धाडू शकतं,
हे लिंबाजी परटाला कसं सुचावं?

हिंगोलीची छावणी. कयाधूच्या काठी त्याची भट्टी.
पलटणीच्या चादरी, इस्पितळातली फडकी,
आणि खपल्या चिकटलेली घोंगडी,
चौदा.
त्या दिवशी गोरा सर्जन म्हणाला, धुवायची नाहीत.
ऊन दाखवू नको. घडी घाल.
डोंगरसावळीच्या गढीत थंडी फार आहे,
वेढ्यात बायका-पोरं अडकलीत,
सरकारला दया आली आहे.

याच सर्जननं महिन्यापूर्वी
शिपायांच्या दंडावर लस टोचली होती.
म्हणजे त्याला माहीत होतं.
पुरतं माहीत होतं.

मी स्वतः सदतीस वर्षं लस टोचली.
कळमनुरी, औंढा, सेनगाव. थंड पेटी खांद्याला,
रडणाऱ्या पोराला खिशातली गोळी.
एवढ्याशा त्या ज्ञानाला दोन्हीकडून धार असते,
हे मला कुठल्याच प्रशिक्षणात सांगितलं नाही.

पुढचं दोन तऱ्हांनी सांगतात.
आमची ठकूआत्या म्हणायची,
"उकळली रे त्यानं! रातभर भट्टी ठिवली,
आन् वल्लीच धाडली गाडीत.
सायेब काय हात लावून बगनार व्हता व्हय?"
पण आत्या, लोकर उकळली की आटते.
मोठ्या माणसाचं घोंगडं पोराएवढं होतं.
कुणाला दिसलं नसेल?

गढीकडचे लोक असं सांगत नाहीत.
ते काहीच सांगत नाहीत.
बुरुजाच्या पायथ्याला बोरीखाली
हात-हात लांबीचे दगड आहेत,
ओळीनं नाही, जसे जमले तसे.
मोजायला वाकलो, तर धुणं घेऊन चाललेल्या बाईनं विचारलं,
"कुन्या गावचे?"
हिंगोली, म्हणालो. पुढं तिनं विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

आता राहिलं आमचं.
पटकी आली, की आमचं गावही
मरीआईचा गाडा शिवेपलीकडं लोटून यायचं.
पलीकडंही माणसंच राहत होती.
आत्याला म्हटलं, मग आपण आणि तो सर्जन?
सुपारी कातरता कातरता ती थांबली.
"आपुन हलगी वाजवत जायचो, बाबा.
त्याइला ऐकू जायचं. काठ्या घिऊन शिवंवर यायचे.
त्यानं पांघरून म्हनून धाडलं."
अडकित्ता पुन्हा चालू झाला.
बऱ्याच वेळानं, खाली बघत,
"एका साली नव्हती वाजिवली."

उकळली असतील, नसतील.
घडी मात्र त्यानंच घातली, दोन्ही गोष्टींत.
आमच्यात अजून तशीच घालतात,
कडा आत, डाग दिसू नये अशी.

हिवाळ्यात बायको पांघरूण पुढं करते.
मी आधी ते उलगडतो, उजेडात धरतो.
ती म्हणते, काय बघता?