अर्थ

मी गाडी नाही, तिचा लाल रंग विकत घेतला
हे आता कळतंय.
त्र्याहत्तर सालची ट्रायम्फ, जेमतेम दोघांची,
छत उघडलं की वेल्सचे डोंगर थेट मांडीवर.
इद्वलने तीन वर्षं तिच्याशी झुंज घेतली
आणि किल्ली माझ्या हातावर ठेवताना
एवढंच म्हणाला, डावीकडे वळताना जपून.

मला वाटलं, म्हातारा आहे, सांगतोय काळजीने.

डावीकडे वळताना ती मरते.
दर वेळी नाही. ब्लायनाऊच्या चौकात
मागे दुधाचा टँकर असला की नक्की.
आधी दिवे पेंगतात,
मग डॅशबोर्डवरचे काटे एकेक करून मान टाकतात,
आणि हॉर्न दाबावा तर
सर्दी झालेल्या मेंढीसारखं काहीतरी.

मी बावीस वर्षं बस चालवते, लँडिड्नोपर्यंत आणि परत.
बस बिघडली की डेपोला फोन करायचा,
प्रवाशांना 'वीसच मिनिटं' सांगायचं,
यंत्रातलं मला कळतं ते इतकंच.
पण ही माझी. हिच्यासाठी फोन कुणाला करू?

सुट्टीच्या दिवशी तिचं अख्खं नाक पुढे कलंडवून
पुढच्या टायरवर बैठक मारली.
प्लग बदलले. पॉइंट घासले.
कॉइल नवी, बॅटरी नवी, पेट्रोलच्या नळ्या नव्या.
खर्च वहीत लिहीत होते, मग लिहिणं सोडलं.
एकेक भाग निर्दोष सुटत गेला
आणि गुन्हा तसाच उभा.

रविवारी टेकविन आला,
पाटीच्या दगडाच्या खाणीतला जुना वायरमन.
चहा घेतला, केकचे दोन तुकडे घेतले, तिसरा खिशात.
अंधारात जन्म गेल्यामुळे
तो आधी बोटांनी बघतो.
इंजिन चालू ठेवून तारा चाचपत गेला
आणि चोकच्या तारेवर थबकला.
"हात लाव."
चटका बसला.

"वीज आत येतेय व्यवस्थित," तो म्हणाला,
"परतायला वाट नाही तिला.
म्हणून बिचारी चोकच्या तारेतून घरी जाते,
खिडकीतून चढून जावं तशी."
मग गाडीखालून आवाज आला :
"हिला अर्थ मिळत नाहीये."

मी म्हटलं, माझंही तेच आहे.
तो हसला नाही. अर्ध्या इंचाचा पाना मागितला.

इंजिनापासून सांगाड्याला जाणारी ती जाड विणलेली पट्टी,
तिच्या टोकाची रिंग,
रिंगच्या खाली
लाल.
एक हात नव्हे, तीन हात, वर लॅकर,
ब्रशचा एक केससुद्धा नाही राहिलेला.
इद्वल आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवायचा.
नाक्यावरच्या खाटकाच्या नावाला त्याचं सोनं अजून आहे,
आत आता नखं रंगवून मिळतात.
त्याने हिचा बोल्ट न् बोल्ट सोडवून रंगवला होता,
लोखंडाने लोखंडाला टेकायचं
तिथेसुद्धा.

सरळ रस्त्यावर कशीबशी टेकलेली असायची पट्टी.
वळणावर इंजिन कललं की सुटायची.

खरवडलं मीच.
दोन पेनीच्या नाण्याएवढं उघडं लोखंड,
नखांत लाल भुकटी.
हॉर्न असा वाजला की टेकविनने डोकं आपटलं
आणि वेल्श भाषेत जे म्हणाला ते इथे नको.

(वायपर हल्ली आपोआप सुरू होतात. ते नंतर बघू.)

बुधवारी इद्वल माझ्याच बसमध्ये चढला,
माझ्या मागच्या सीटवर बसला.
"सापडलं?"
"एक तार सैल होती."
"कुठली?"
समोर डावं वळण होतं. मी दोन्ही हातांनी चाक फिरवलं.
"खाली कुठेतरी. टेकविनने बघितलं."
तो बराच वेळ काचेबाहेर बघत राहिला.

त्याचा थांबा आला. पायरीवर काठी टेकवून तो वळला,
"खालून कुठे रंग उडाला असेल तर सांग हं.
त्यातला अर्धा डबा आहे अजून माझ्याकडे."