एकवीस, अठ्ठावीस, पस्तीस

दुकानासमोर जाळ्यांचं गोदाम आहे.
त्याची विटांची भिंत माझी तपासनीस.
बत्तीस वर्षं कुशिरोत जी लेन्स विकायला आली
ती आधी या भिंतीपुढे उभी केली मी:
तोच ट्रायपॉड, तेच छिद्र, तीच दुपार,
बंदरावरून धुकं वर चढायच्या आत.
सरळ ओळ कुठे पोट काढते, कुठला कोपरा
ताकासारखा पातळ होतो, वीट सगळं सांगते.

मार्चमध्ये इसोगाईबाई तीन घेऊन आल्या
मासळीच्या खोक्यातून, एकेक लोकरी मोज्यात.
नवरा लिलावात वजनं लिहायचा. पानगळीत गेला.
"यातली चांगली कुठली सांगा. आणि भाव."
मी तिन्ही भिंतीपुढे लावल्या, त्या बाहेर थांबल्या.
निकाल फिल्म धुतल्यावर. पण इतक्या वर्षांत
तोंडओळख असतेच.

एकवीसची भूक मोठी.
क्रेन, समुद्रपक्षी, निम्मं आभाळ, आपल्याच बुटांची टोकं,
सगळं बंदर एका घासात.
कडेचा माणूस मात्र काकडीसारखा ओढला जातो
आणि कोपऱ्यांत संध्याकाळ लवकर होते.
कॅमेऱ्याच्या खिडकीत ही मावत नाही,
डोक्यावर वेगळी खिडकी बसवायची:
फोकस खालच्या खिडकीतून, नेम वरच्या,
सासर-माहेर सांभाळावं तसं.

अठ्ठावीस सरळमार्गी. विटा मोजून घ्याव्यात.
समोर दिवा आला की चित्रावर पांढरा पदर ओढते,
पण धुक्याच्या गावात तक्रार कोण करणार?
तिच्या रेषा खिडकीच्या काठालाच टेकतात.
चष्मेवाल्याला त्या दिसत नाहीत,
त्याने अंदाजाने जगायचं.

पस्तीसला रुंद म्हणावं की नाही
यावर माझे वडील आणि डॉक्टर ताकेबे
अकरा वर्षं भांडले.
निकाल लागायच्या आत दोघंही गेले.
हिची कडी झिजून खालचं पितळ उघडं पडलेलं.
म्हणजे वापरात हीच.

"घरात चाळीस वर्षांचे फोटो आहेत," बाई म्हणाल्या.
"खेकडे, हमाल, बर्फ फोडणारी पोरं.
मी एकातही नाही.
रोज डबा घेऊन जायचे. तिथेच उभी असायचे."

मी पस्तीस कॅमेऱ्यावर चढवली, त्यांच्या हातात दिली.
बघा. मधे पांढरी चौकट तरंगते ना,
फोटो तेवढाच.
पण रेषेच्या बाहेरही जग चालू असतं.
सायकल चौकटीत शिरायच्या आधीच दिसते.
दुसरे कॅमेरे भिंगातूनच बघतात,
काय सुटलं ते त्यांना कळतही नाही.
हा भिंगाशेजारी बसून बघतो.
"तुम्ही रेषेबाहेर असाल," मी म्हणालो,
"त्यांना दिसत असणार."
मला वाटलं, सांत्वन केलं.

त्यांनी बराच वेळ डोळा काढला नाही.
भोंगा वाजला. भिंत निम्मी धुक्यात गेली.
"म्हणजे दिसत होते,"
त्या म्हणाल्या, "आणि तरी
एक पाऊल मागे सरकले नाहीत."

मी भाव सांगितला.
एकवीस, अठ्ठावीस ठेवून गेल्या, नोटा दोनदा मोजून.
पस्तीस परत मोज्यात. का, ते विचारलं नाही.

फिल्म चार दिवसांनी धुतली.
अठ्ठावीसमध्ये भिंत. पस्तीसमध्ये भिंत.
एकवीसमध्ये भिंत, गटार, विजेचा खांब,
आणि डाव्या कडेला, काळवंडलेल्या कोपऱ्यात,
रिकामं खोकं पोटाशी धरून,
लांबट ताणलेल्या
इसोगाईबाई.

मी विटा बघत होतो.