कागदावर रिकामी

फिलाडेल्फियाच्या उत्तरेला या रस्त्यावर
मी एकोणीस वर्षं टपाल टाकतोय.
एकोणतीसशे चौदा नंबरचं घर कधीच जळून गेलं,
तरी त्याच्या पत्त्यावर अजून पत्रं येतात.
ती मी मिस ओडेलाला देतो,
कारण तिथे आता तीच असते,
गुडघ्यांना जुन्या गालिच्याचे तुकडे बांधून
भेंडीच्या ओळीत.

घराचा नकाशा तिला पाठ आहे.
"इथे व्हिटलॉकांचं स्वयंपाकघर," म्हणते,
फावड्याला निळी फरशी लागली की थांबते,
पुसून कुंपणाशी ठेवते.
खालच्या मातीत शिसं. म्हणून वाफे उंच,
फळ्यांच्या पेट्यांत, आणलेल्या मातीचे:
चौदा ट्रक, त्यातले दोन अजून उधार.

कोपऱ्यावरच्या दुकानात कांदासुद्धा
गोळी न शिरणाऱ्या काचेपलीकडे असतो.
बोट दाखवायचं, फिरत्या खिडकीतून घ्यायचा,
मऊ निघाला तर आपलं नशीब.
चांगला कांदा दोन बस बदलून.

शनिवारी मिस ओडेला घडीचं टेबल मांडते.
पाटी नाही, भाव नाही. एक पत्र्याचा डबा,
आणि डब्याकडे पाठ करून ती उभी,
कोण किती टाकतं ते दिसू नये म्हणून.
एकदा एक पाहुणा म्हणाला, किती छान दानधर्म!
"दान कसलं, पोरा? हे आमचंच.
उशिरा मिळतंय, एवढंच."

ऑगस्टात नोटीस आली.
मीच आणली. सहीची होती.
मेलेल्या मालकाचा कर थकलेला,
भूखंड रिकामा, लिलाव.
तिनं सही केली, ओल्या बोटाचा डाग पडला,
आणि नेहमीसारखे चार टोमॅटो माझ्या हातात ठेवले.
दोन दिवस ते गाडीतच राहिले.
मला खाववेनात.

सुनावणीला मी रजा टाकून गेलो.
माणशी तीन मिनिटं.
साहेबांनी मान वर न करता विचारलं,
जागेवर सध्या काही आहे का?
तिनं चष्मा लावला, वही उघडली, वाचू लागली:
एप्रिल, पहिला शनिवार. मोहरीची पानं, बावीस जुड्या.
मिस्टर टॉलिव्हर, साखरेचा त्रास, बटाटा नको.
जुळ्यांची आई, सरकारी कार्ड वीस तारखेला संपतं, मुळे दोनदा.
कोपऱ्यावरचा दुकानदार, स्वतःसाठी, पालक. पैसे टाकले. जास्तच.
घंटी वाजली
तेव्हा ती अजून मे महिन्यातच होती.

पुढची तारीख पडली नोव्हेंबरची.

काल गेलो तर ती लसूण लावत होती,
एकेक पाकळी, टोक वर,
दोन बोटांचं अंतर न मोजता बरोबर.
"हा निघणार कधी?"
"जुलैत."
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी थैली कुंपणाला अडकवली,
गड्डे फोडून द्यायला बसलो.
त्या दिवशी खालच्या गल्लीचं टपाल
जरा उशिरा पोचलं.